प्रकल्प नोंदी: पुस्तिका, फॉर्म, स्लाइड्स स्क्रीन रीडरसाठी नीट करणं

सोमवार, ६ जानेवारी २०२५

काम हातात आलं. एक जाडजूड प्रशिक्षण पुस्तिका आहे मराठीतली, तिच्यासोबत एक नोंदणी फॉर्म, स्लाइड्सचा एक सेट आणि एक एक्सेल शीट. हे सगळं अ‍ॅक्सेसिबल करून, म्हणजे अंध आणि कमी दिसणाऱ्यांनाही वापरता येईल असं करून, मार्चच्या पहिल्या आठवड्यात द्यायचंय. सोबतच्या मेलमध्ये लिहिलंय की पीडीएफ तर तयारच आहे, तिच्यावर फक्त अ‍ॅक्सेसिबिलिटी टाकायचीय, म्हणजे जणू वरून शिंपडायची पावडर आहे ती. असो.

नेहमीप्रमाणे आधी एनव्हीडीए सुरू केला, मॉनिटर बंद केला आणि पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एनव्हीडीए हा विंडोजवरचा फुकट, ओपन सोर्स स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकल करन यांनी लिहायला घेतला, ते स्वतः अंध आहेत. तर अ‍ॅक्रोबॅटने उघडल्या उघडल्याच हात वर केले, या डॉक्युमेंटला टॅग नाहीत, वाचायचा क्रम अंदाजाने लावू का असं विचारणारी खिडकी आली. हो म्हटलं. मग जे सुरू झालं ते काय सांगू, दोन कॉलमचं पान आहे आणि तो डाव्या कॉलमची पहिली ओळ, मग उजव्याची पहिली, मग परत डाव्याची दुसरी असा आडवा वाचत सुटला, आणि मध्येच पानाच्या कडेला उभी लावलेली धड्याच्या नावाची पट्टी.

यात अ‍ॅक्रोबॅटचा दोष नाही. पीडीएफ मुळात कागदावर छापल्यासारखं दिसावं म्हणून आलेला प्रकार, कुठलं अक्षर पानावर कुठे ठेवायचं एवढंच त्याला पक्कं माहीत असतं. हे शीर्षक आहे, हा परिच्छेद, ही यादी, हे टेबल, ही माहिती आत ठेवायची सोय म्हणजे टॅग, ते २००१ मध्ये पीडीएफ १.४ पासून आले. सोय आहे म्हणून कोणी वापरतंच असं नाही.

ठरवलं ते असं: मजकुराला डब्ल्यूसीएजी २.२, म्हणजे वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं (ऑक्टोबर २०२३ ची), त्यांची एए पातळी, आणि पीडीएफला पीडीएफ/यूए-१, म्हणजे अ‍ॅक्सेसिबल पीडीएफचं आयएसओ १४२८९-१ हे मानक. यूए-२ पण २०२४ मध्ये आलाय पण तो पीडीएफ २.० वर आहे आणि आपली सगळी टूल्स पहिल्याच्या हिशोबाने चालतात, तर सध्या पहिलाच.

आणि एक मेल पाठवला: तयार पीडीएफ नको, मूळ फाइल द्या.

बुधवार, ८ जानेवारी

मूळ फाइल "बहुतेक असेल" असं उत्तर आलं. मग संध्याकाळपर्यंत एकेक करून वर्डच्या फाइली येत गेल्या, एकीचं नाव फायनल, एकीचं फायनल नवीन, एकीचं फायनल नवीन करेक्शन. ज्यांनी ऑफिसात काम केलंय त्यांना हे नवीन नाही.

खरी गंमत पुढे. निम्मे धडे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, आहेत आणि निम्मे जुन्या फॉन्टमध्ये, कृतिदेव जातीतल्या. या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते पण फाइलच्या पोटात साधी रोमन अक्षरं असतात, त्या अक्षरांवर फक्त देवनागरीचे मुखवटे चढवलेले. उदाहरण घ्या, "विकास" हा शब्द कृतिदेवमध्ये एफ, ओ, डी, के, एल अशा पाच कळांनी उमटतो, एफ म्हणजे पहिली वेलांटी, ओ म्हणजे व, डी म्हणजे क, के म्हणजे काना, एल म्हणजे स. डोळ्याने वाचणाऱ्याला विकास. स्क्रीन रीडरला मात्र फॉन्ट दिसत नाही, त्याला पोटातली अक्षरं दिसतात, तो बिचारा इंग्रजी शब्द समजून "फॉडकल" असं काहीतरी म्हणतो. पानभर हेच. ब्रेल डिस्प्लेवरही (मजकूर बोटांखाली ब्रेलमध्ये उमटवणारं यंत्र) हेच, सर्चमध्येही हेच, आणि भाषांतराच्या टूलमध्ये टाकलं तर तिथेही.

त्यामुळे टॅग, शीर्षकं, चित्रांची वर्णनं हे सगळं नंतर. आधी हे धडे युनिकोडमध्ये आले पाहिजेत, नाहीतर फॉडकलला आपण व्यवस्थित शीर्षक दोनचा टॅग लावून देऊ.

सोमवार, १३ जानेवारी

कन्व्हर्टरमधून धडे काढले. कन्व्हर्टर काम करतात, पण डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, आणि कुठे घसरतात ते ठरलेलं आहे म्हणून इथे लिहून ठेवते, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

एक तर मजकुरात मध्येच आलेले खरे इंग्रजी शब्द. ईमेल पत्ते, वेबसाइटचे पत्ते, संक्षेप. कन्व्हर्टरला वाटतं हीही कृतिदेवचीच अक्षरं, तो त्यांचीही देवनागरी करून टाकतो आणि पत्त्याच्या जागी काहीतरी अगम्य येतं. म्हणून आधी ते सगळे वेगळे काढायचे, कन्व्हर्ट झाल्यावर परत जागच्या जागी. दुसरं, रफार. मराठीतला ऱ्य हिंदीसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरना कळत नाही, दऱ्या चा दर्या होतो, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे स्पेलचेकही गप्प बसतो. ळ सहसा शाबूत राहतो. कंस, अवतरणचिन्हं आणि विसर्ग यांची एकमेकांत अदलाबदल होते.

शेवटी एकच उपाय, ऐकत ऐकत प्रूफ वाचायचं. आवाजात चुका लवकर पकडल्या जातात, डोळा सवयीने दुरुस्त करून वाचतो, कान तसं करत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी

आजपासून स्टाइल्स, म्हणजे हे शीर्षक, हा परिच्छेद असं ठरवून देणारे वर्डमधले तयार साचे. पुस्तिकेतलं प्रत्येक शीर्षक म्हणजे ठळक केलेला, मोठा केलेला, निळा केलेला साधा परिच्छेद. दिसायला शीर्षक. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर जाता येतं, १ ते ६ आकडे दाबले की त्या त्या पातळीच्या, पण इथे एच दाबलं की "पुढे शीर्षक नाही". एवढी जाड पुस्तिका आणि एकही शीर्षक नाही, म्हणजे सहाव्या धड्यातली एक गोष्ट हवी असेल तर पाच धडे ऐका.

हेडिंग स्टाइल लावणं हे तसं हमाली काम, पण यात जेवढा फायदा आहे तेवढा बाकी कशात नाही. स्टाइल लागली की अनुक्रमणिका आपोआप होते, पीडीएफमध्ये बुकमार्क येतात, टॅग आपोआप बरोबर लागतात. आणि सगळी शीर्षकं निळ्याऐवजी हिरवी करायची झाली तर एका जागी बदल करा, झालं. डिझाइनवाल्याला हा शेवटचा मुद्दा सांगितला तेव्हा तो एकदम आपल्या बाजूला आला. अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नावाने आला नसता 🙂

बाकी किरकोळ: पुढच्या पानावर जायला एंटर एंटर एंटर मारलेले आहेत, वर्डमध्ये ऐकताना त्या प्रत्येकाला "ब्लँक, ब्लँक, ब्लँक". ते काढून पेज ब्रेक टाकले, अंतरासाठी परिच्छेदाचं स्पेसिंग. हाताने टाइप केलेले १) २) ३) काढून खऱ्या याद्या केल्या, म्हणजे "सात घटकांची यादी" असं आधी कळतं आणि नको असेल तर ओलांडता येतं. "इथे क्लिक करा" वाल्या लिंक बदलल्या, कारण इन्सर्ट आणि एफ७ दाबून लिंकांची यादी काढली की त्यात फक्त इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, आणि कुठली कशाची ते देव जाणे.

भाषा पण तपासली. डॉक्युमेंटची भाषा इंग्रजी लागलेली होती. मराठी लावली, आणि जिथे अख्खी वाक्यं इंग्रजीत आहेत तिथे तेवढ्यापुरती इंग्रजी. भाषा चुकीची असली की स्क्रीन रीडर आवाज चुकीचा निवडू शकतो, आणि काही इंग्रजी आवाज देवनागरी दिसली की चक्क गाळून पुढे जातात, ऐकणाऱ्याला कळतही नाही की मध्ये काही होतं.

मंगळवार, २१ जानेवारी

टेबलं. आजचा अख्खा दिवस एका टेबलवर गेला आणि तो जायलाच हवा होता असं माझं मत.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक आहे. डावीकडे "पहिला दिवस" असा एक उभा सेल, पाच ओळींना मिळून एकच. मग वेळ, विषय, कोण शिकवणार, खोली. मध्ये "मधली सुट्टी" असा आडवा सेल, बाकीच्या सगळ्या कॉलमना मिळून. मग "दुसरा दिवस". दिसायला अगदी सुटसुटीत, नजर एकदा फिरवली की कळतं.

आता तेच कानाने. एनव्हीडीएमध्ये टेबलच्या आत कंट्रोल, ऑल्ट आणि बाण वापरून एकेका सेलवर जाता येतं. मी तिसऱ्या कॉलममध्ये खाली खाली जात होते: "ओळ ४, वाचन साहित्याची ओळख". "ओळ ५, मधली सुट्टी", आणि इथे तो म्हणाला हा सेल चार कॉलमभर पसरलाय. परत खाली बाण दाबला तर आपण कुठल्या कॉलममध्ये होतो तेच हरवलं. "ओळ ८, गटचर्चा". कुठल्या दिवसाची? ते वर कुठेतरी आहे, दोन कॉलम डावीकडे, ते शोधायला जा, परत ये, आणि परत येताना नेमकी ओळ लक्षात ठेव. डोळ्यांनी वाचणारा माणूस हे अर्ध्या सेकंदात करतो म्हणून त्याला यात काही अवघड वाटतच नाही.

काय केलं: एका टेबलची दिवसाप्रमाणे वेगवेगळी टेबलं केली, प्रत्येकाच्या वर "पहिला दिवस" असं तिसऱ्या पातळीचं शीर्षक. दिवसाचा कॉलम गेला. मधली सुट्टी ही साधी ओळ, वेळेच्या कॉलममध्ये वेळ, विषयाच्या कॉलममध्ये मधली सुट्टी, शिकवणाऱ्याच्या जागी "नाही" असं लिहिलं, रिकामं सोडलं नाही, कारण रिकामा सेल ऐकला की माहिती नाहीये की राहून गेलीय हे कळत नाही. पहिली ओळ हेडर म्हणून लावली, प्रत्येक पानावर रिपीट. आता उजवीकडे सरकलं की तो आधी कॉलमचं नाव सांगतो, "विषय, गटचर्चा", "खोली, २". ओळीचं हेडर वर्डमधून पीडीएफमध्ये बरोबर जाईलच याची खात्री धरायची नाही, तिथे गेल्यावर टॅगमध्ये स्कोप, म्हणजे हे हेडर ओळीचं की कॉलमचं ही खूण, बघून घ्यायचा.

लेखकांचा फोन आला, म्हणे आमचं छान एका पानात बसणारं टेबल तुम्ही तुकडे तुकडे केलंत. मी म्हटलं सर, एकदा डोळे मिटून सांगा, दुसऱ्या दिवशी अडीच वाजता कोणाचं सत्र आहे ते शोधायचंय, मी जुनं टेबल ऐकवते. ऐकवलं. "ठेवा तुमचं" म्हणाले.

याशिवाय काही "टेबलं" ही टेबलं नव्हतीच, चित्र डावीकडे आणि मजकूर उजवीकडे ठेवण्यासाठी बिनरेघांचे चौकोन आखलेले. ते सगळे मोडले.

शुक्रवार, २४ जानेवारी

रंग. नियम साधा आहे, मजकूर आणि मागची पार्श्वभूमी यांच्यात निदान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक), मोठ्या अक्षराला ३:१ चालतो, मोठं म्हणजे १८ पॉइंट किंवा ठळक असेल तर १४. डिझाइनवाल्याने तळटीपा करड्या केल्यात, ७७७७७७ या रंग-कोडवाला करडा पांढऱ्यावर. मोजलं तर ४.४८. तो म्हणाला राउंड करून साडेचार होतात की. नाही होत, राउंड करायचं नसतं. एकच पायरी गडद केला, ७६७६७६, तो ४.५४ देतो, डोळ्याला फरक शून्य. मी मात्र अजून दोन पायऱ्या गडद घ्यायला लावला, काठावर पास होऊन करायचंय काय.

"लाल रंगातली माहिती भरणं आवश्यक" हे वाक्य दोन ठिकाणी सापडलं. लाल ज्याला वेगळा दिसत नाही त्याने काय करायचं. रंग राहू दिला, पुढे "आवश्यक" हा शब्द लिहिला.

बुधवार, २९ जानेवारी

चित्रांचे पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. लेखकांकडून यादी मागवली होती, ती आली. बहुतेक ठिकाणी लिहिलंय "आलेख", "आकृती", "फोटो". स्क्रीन रीडर स्वतःच "ग्राफिक" म्हणतो, त्यापुढे "आकृती" ऐकून ऐकणाऱ्याला काय मिळालं?

एक नमुना इथे ठेवते. तीन वर्षांची नोंदणी आणि अभ्यासक्रम पूर्ण करणारे यांचा स्तंभालेख आहे. आलेलं वर्णन: "आलेख". दुसऱ्या एका सहकाऱ्याने अति उत्साहात लिहिलेलं: निळे स्तंभ, केशरी स्तंभ, उजव्या कोपऱ्यात सूची, मागे फिकट रेघा, असं पाच ओळी. दोन्ही निरुपयोगी. आम्ही ठेवलं ते: "स्तंभालेख. नोंदणी तिन्ही वर्षं वाढत गेली, पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्या वर्षी घसरलं आणि तिसऱ्या वर्षी सावरलं. आकडे खालच्या टेबलमध्ये." चित्र पानावर कशासाठी ठेवलंय तेवढंच सांगायचं, तपशील टेबलमध्ये, आणि ते टेबल सगळ्यांसाठी, लपवून नाही.

प्रश्न असा की "चित्र कशासाठी आहे" हे मला कसं कळणार? ते लेखकालाच माहीत. म्हणून हे काम माझ्यावर ढकलू नका, चित्र निवडतानाच एक ओळ लिहा असं सगळ्यांना कळवलंय. यादीतल्या काही चित्रांबद्दल लेखकच म्हणाले, "तिथे जागा रिकामी दिसत होती म्हणून टाकलं". ती सजावट म्हणून मार्क केली, स्क्रीन रीडर त्यांना ओलांडून जाईल. दोन फ्लोचार्ट होते, त्यांना वर्णन पुरत नाही, खाली क्रमाने पायऱ्या लिहिल्या, "उत्तर हो असेल तर पायरी ४ वर जा" अशा. आणि एका पानावर चक्क मजकुराचाच फोटो होता, कुठल्या तरी पत्राचा. तो टाइप केला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

पहिली पीडीएफ काढली. प्रिंट मधून नाही, सेव्ह अ‍ॅज मधून, आणि पर्यायांमध्ये जाऊन डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅगवाली खूण आहे ना ते बघून. प्रिंट करून पीडीएफ काढली की टॅग सगळे गळतात, हे जितक्यांदा सांगावं तितकं कमी. लिबरऑफिसवाल्यांसाठी एक्स्पोर्टमध्ये पीडीएफ/यूए चा पर्याय आहे.

आता मराठीचा खास त्रास. जुनी पीडीएफ, जी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून आली होती, तिच्यातला युनिकोड धडा घेतला आणि एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला. "विकास" च्या जागी "िवकास". वेलांटी आधी, व नंतर. कारण उघड आहे, कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे काढतात, पीडीएफने चिन्हं ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने ठेवली, आणि युनिकोडमध्ये मात्र आधी व आणि मग वेलांटी असायला हवी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका, काहींच्या जागी नुसता चौकोन. स्क्रीनवर सगळं सुंदर. कंट्रोल एफ करून विकास शोधलं तर शून्य सापडले, डोळस माणसालाही. हे मी मुद्दाम सगळ्यांना दाखवलं, कारण सर्च चालत नाही म्हटल्यावर लोक जेवढे दचकतात तेवढे स्क्रीन रीडरने दचकत नाहीत.

वर्डमधून टॅगसकट काढलेल्या पीडीएफमध्ये हे बरंच सुधारलंय. पीडीएफमध्ये "अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट" म्हणून एक सोय आहे, या चिन्हांच्या घोळक्याचा खरा मजकूर हा, असं आत लिहून ठेवता येतं, काही प्रोग्रॅम ते स्वतःहून लिहितात. काही ठिकाणी राहिलंय, विशेषतः मुखपृष्ठावरच्या नक्षीदार फॉन्टमध्ये. तिथे हाताने लिहिलं.

नोटपॅडची ही टेस्ट कोणालाही करता येते, कुठलंही टूल लागत नाही. कॉपी, पेस्ट, वाचा. मराठी मोडलेली दिसली तर ऐकणाऱ्याला ती मोडलेलीच ऐकू येणार.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पीएसी चालवला, हा पीडीएफ/यूए तपासणारा फुकट प्रोग्रॅम. पहिल्या वेळी लाल, मग दुरुस्त्या: डॉक्युमेंटचं शीर्षक प्रॉपर्टीजमध्ये नव्हतं, त्यामुळे खिडकीवर फाइलचं नाव दिसत होतं, पानावरच्या शीर्षपट्ट्या आणि पान क्रमांक आर्टिफॅक्ट, म्हणजे वाचून दाखवायची गरज नसलेली गोष्ट, म्हणून बाजूला काढले, आणि सिक्युरिटीत कॉपी बंद करताना स्क्रीन रीडरची परवानगीही बंद झाली होती ती उघडली. संध्याकाळी सगळं हिरवं.

ऑफिसच्या ग्रुपवर लगेच अभिनंदन सुरू झालं. थांबा. पीडीएफ/यूए-१ साठी मॅटरहॉर्न प्रोटोकॉल म्हणून तपासणीची यादी आहे, त्यात ३१ चेकपॉइंट आणि १३६ चुकांचे प्रकार दिलेत, आणि त्यातले ४७ माणसानेच तपासायचे असं त्यातच म्हटलंय. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही हे मशीन सांगेल. तो मजकूर "चित्र१ नवीन" असला तरी मशीन हिरवंच दाखवणार. वाचनाचा क्रम आहे हे सांगेल, तो शहाण्यासारखा आहे का हे नाही. त्यामुळे बुधवारी टेस्टिंग.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज दोघं आले. सर, जे पूर्ण अंध आहेत, एनव्हीडीए आणि सोबत ब्रेल डिस्प्ले वापरतात. आणि ताई, त्यांना थोडं दिसतं, खूप मोठं करून वाचतात. दोघांना पुस्तिका दिली, सूचना काहीच नाही, फक्त प्रश्न दिले: अमुक सत्र कधी, तक्रार कुठे करायची, फॉर्मसोबत काय काय जोडायचं.

सरांचा वेग बघून आमच्या डिझाइनवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. आवाज एवढा फास्ट की आम्हाला एक शब्द कळेना, आणि सर एच एच एच करत धडे ओलांडत निघाले, वेळापत्रकावर थांबले, दोनदा बाण दाबला आणि उत्तर दिलं. टेबलाचं काम वसूल.

मग तक्रारी. एक, काही ऑल्ट टेक्स्ट लांब आहेत. "अहो, माझ्या डिस्प्लेवर एका वेळी ४० घरं, तुमचं हे एक वर्णन वाचायला मला कितीदा पुढे सरकावं लागतं बघा." कमी केले. दोन, प्रत्येक धड्याच्या शेवटी नक्षीची रेघ आहे ती चिन्हं टाइप करून केलेली, "तारा तारा तारा". ती आमच्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती, कारण नजरेला ती नक्षीच दिसते. तीन, संक्षेप. प्रशिक्षण समन्वयकाला सगळीकडे "प्र. स." लिहिलंय, आवाजात ते "प्रस" येतं. पहिल्यांदा आणि प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला पूर्ण लिहायचं ठरलं. (हे खरं तर सगळ्याच वाचकांसाठी बरं. मलाही दुसऱ्या धड्यापर्यंत प्र. स. म्हणजे प्रश्नसंच वाटत होतं.)

ताईंचा अनुभव अगदी वेगळा. त्यांना ना टॅगांशी देणंघेणं ना ऑल्ट टेक्स्टशी. चारशे टक्के मोठं केलं की दोन कॉलमच्या पानात ओळ वाचायला उजवीकडे सरका, मग परत डावीकडे, मग खाली. अ‍ॅक्रोबॅटचं रिफ्लो लावून दिलं तर मजकूर एका कॉलममध्ये आला पण टेबलं विस्कटली. दोन्ही बाजू सारख्या कापलेल्या परिच्छेदांत शब्दांमध्ये मोठाली भोकं पडतात, मोठं केल्यावर तर एकेक शब्द हरवतो. आणि प्रत्येक पानावर मागे असलेला फिकट लोगो, तो चारशे टक्क्यांत अक्षरांवरून डागासारखा फिरतो.

"मला पीडीएफ नकोच," ताई सरळ म्हणाल्या, "वर्ड द्या नाहीतर वेबपेज द्या, मी माझा फॉन्ट, माझा रंग लावून वाचेन."

संध्याकाळी बसून ठरवलं: पुस्तिका एका कॉलमची, डावीकडून सरळ, उजवी बाजू मोकळी. लोगो फक्त मुखपृष्ठावर. आणि पीडीएफसोबत एचटीएमएल (वेबपेज) आणि ईपब (ई-पुस्तक) पण द्यायचं, स्टाइल्स लागलेल्या आहेत त्यामुळे हे फार अवघड नाही. डिझाइनवाला जरा खट्टू झाला, दोन कॉलमवर त्याचा जीव होता. मग त्यानेच रात्री एका कॉलमचा नवा नमुना पाठवला आणि तो जुन्यापेक्षा छान आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

फॉर्म. आत्तापर्यंत फॉर्म म्हणजे "नाव:" आणि पुढे आखलेली रेघ. प्रिंट काढून पेनने भरायचा. स्क्रीन रीडरला तिथे रेघ वगैरे काही नाही, नाव, मग पत्ता, मग फोन, आणि टाइप करायला जागा कुठेच नाही. ज्याचे हात थरथरतात किंवा जो तोंडात काडी धरून कीबोर्ड चालवतो त्यालाही पेनचा काय उपयोग.

खऱ्या फील्ड टाकल्या. प्रत्येकीला टूलटिप लिहिली, कारण पीडीएफ फॉर्ममध्ये फील्डवर गेल्यावर स्क्रीन रीडर तीच वाचतो, शेजारी छापलेलं लेबल तो आपणहून जोडत नाही. टूलटिपमध्ये नुसतं "तारीख" नाही, "जन्मतारीख, दिवस महिना वर्ष, आवश्यक". "हो / नाही" वाले पर्याय एका गटात, नाहीतर नुसतं "हो" ऐकू येतं आणि कशाला हो ते कळत नाही. टॅबचा क्रम तपासला, पत्त्यावरून उडी मारून थेट सहीवर जात होता. सहीसाठी नाव टाइप केलेलं चालेल का हे वरिष्ठांना विचारलंय, उत्तर यायचंय.

माउस काढून ठेवून अख्खा फॉर्म कीबोर्डवर भरून बघितला, भरतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

स्लाइड्स आणि एक्सेल एका दिवसात उरकले. स्लाइड्समध्ये प्रत्येकीला वेगळं शीर्षक, सहा स्लाइडचं नाव "पुढे चालू" होतं. वाचनाचा क्रम सिलेक्शन पेनमध्ये खालून वर बघायचा असतो हे लक्षात ठेवा, उलटं वाटतं पण तसंच आहे. आत एक व्हिडिओ आहे, त्याला मराठी कॅप्शन लागणार, आपोआप तयार झालेल्या कॅप्शन माणसाने तपासल्याशिवाय जाणार नाहीत. एक्सेलमध्ये मर्ज केलेले सेल सोडवले, शीट १ शीट २ ची नावं बदलली, मजकूर ए१, म्हणजे पहिल्याच सेलपासून सुरू केला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी ग्रुपवर पुस्तिकेची "अंतिम पीडीएफ" आली. कोणीतरी वर्डमध्ये तीन तारखा बदलल्या आणि प्रिंट करून पीडीएफ काढून सगळीकडे पाठवली. टॅग गेले, बुकमार्क गेले, शीर्षकं गेली. तारखा बरोबर आहेत.

चिडून उपयोग नव्हता, त्यांना तो फरक दिसतच नाही, दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या तर हुबेहूब सारख्या. बरं झालं की आपण पीडीएफमध्ये हाताने फारसं काही केलं नव्हतं, बहुतेक सगळं मूळ वर्डमध्येच होतं, त्यामुळे परत सेव्ह अ‍ॅज केलं, मुखपृष्ठाचा मजकूर आणि टेबलांचे स्कोप परत लावले, पीएसी चालवला, जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. पीडीएफवरच सगळी डागडुजी केली असती तर आज महिनाभर मागे गेलो असतो.

दुपारी मूळ फाइलच्या पहिल्याच पानावर, छापलं न जाणाऱ्या जागी, पीडीएफ कशी काढायची त्याच्या चार ओळी लिहून ठेवल्या. आणि शेअर्ड फोल्डरमध्ये मूळ फाइल एकच, बाकी सगळ्या "फायनल नवीन" जुन्यांच्या फोल्डरमध्ये.

मंगळवार, ४ मार्च

पाठवलं. पुस्तिका वर्ड, पीडीएफ, एचटीएमएल, ईपब. फॉर्म पीडीएफ आणि वर्ड. स्लाइड्स, एक्सेल. सोबत एक पानाची टीप: काय तपासलं, कशावर तपासलं, काय बाकी आहे, आणि अडलं तर कोणाला लिहायचं.

बाकी आहे ते: फॉर्मवरच्या सहीचं उत्तर अजून आलेलं नाही. व्हिडिओच्या कॅप्शनचं दुसरं वाचन. ईपबमध्ये एका वाचन अ‍ॅपवर फ्लोचार्टच्या पायऱ्यांचे आकडे १ पासून परत सुरू होतात, ते बघायचंय. सरांनी एचटीएमएल फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) लावून बघतो म्हटलंय, शुक्रवारी कळवतील. लेखक सरांचा मेल आला, पुढच्या पुस्तिकेचा पहिला धडा जोडलाय, शीर्षकांना स्टाइल लावून. टेबलात अजून एक मर्ज केलेला सेल आहे, उद्या फोन करते.